आजोबा महायुद्धात होते, पण पलटणीचा नंबरही ठाऊक नाही: सैनिकी नोंदी शोधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) किंवा दुसऱ्या महायुद्धात (१९३९-४५) ब्रिटिश हिंदी सैन्यात, नौदलात किंवा जहाजांवर गेलेल्या माणसांच्या नातेवाइकांसाठी हे प्रश्नोत्तर आहे. विचारणारे बहुतेक जण सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कोल्हापूर, सांगली, पुणे आणि नगरकडचे असतात. हाताशी कागद फारसा नसतो. एखादा फोटो, एखादं पदक आणि आजीने सांगितलेली दोन वाक्यं असतात. तेवढ्यावरून कुठवर जाता येतं ते इथे सांगितलं आहे.

माझ्याकडे फक्त नाव आणि गाव आहे. एवढ्यावर काही मिळेल का?

तो माणूस युद्धातून परत आला की नाही, यावर सगळं अवलंबून आहे.

नोकरीत असताना मृत्यू झाला असेल तर नाव आणि गाव पुष्कळदा पुरतं, कारण मृतांच्या याद्या गावाच्या नावासकट छापल्या गेल्या आणि आज त्या घरबसल्या पाहता येतात. परत आला असेल तर मात्र नुसत्या नावाने कुठलंही रेकॉर्ड ऑफिस शोध घेऊ शकत नाही. एकेका पलटणीत त्याच नावाचे आणि त्याच आडनावाचे कितीतरी शिपाई होते. तिथे दोन गोष्टी लागतात: रेजिमेंट आणि सैनिकी क्रमांक. त्यातही रेजिमेंट आधी. पहिल्या महायुद्धाच्या काळात क्रमांक त्या त्या पलटणीपुरता असे, त्यामुळे दोन वेगळ्या पलटणींत एकाच क्रमांकाचे दोन शिपाई सापडतात. नुसता क्रमांक हाती घेऊन बसलात तर वाट चुकेल.

म्हणून पहिला महिनाभर कुठेही अर्ज करू नका. घर शोधा.

घरात नेमकं काय शोधायचं?

सर्वांत मोलाचा कागद म्हणजे डिस्चार्ज सर्टिफिकेट. गावाकडे त्याला ‘डिस्चार्ज बुक’ किंवा नुसतं ‘मिल्ट्रीचं पुस्तक’ म्हणतात. त्यात क्रमांक, हुद्दा, वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, भरतीची आणि सुटकेची तारीख, अंगावरच्या खुणा असं सगळं असतं. ते ट्रंकेत असतं, सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्यांच्या गठ्ठ्यात असतं, किंवा फ्रेम केलेल्या फोटोच्या मागे पुठ्ठ्याऐवजी घातलेलं असतं. फोटोची फ्रेम जपून उघडून बघाच. आमच्या घरात शेवटी तिथेच सापडलं. आमच्या चुलत आजोबांचा फोटो चाळीस वर्षं त्या भिंतीवर होता आणि त्यांचा क्रमांक त्याच्या पाठीला चिकटून होता.

दुसरं, पदक. पदकाचा चेहरा सगळे बघतात, कड कोणी बघत नाही. हिंदी शिपायांना मिळालेल्या पहिल्या महायुद्धातल्या पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक इंग्रजी अक्षरांत कोरलेली असते. दुसऱ्या महायुद्धातल्या पदकांवरही बहुतेक वेळा नाव आढळतं; ताऱ्याच्या आकाराचं असेल तर मागची बाजू पाहा. ताऱ्यावर समोर बर्मा, आफ्रिका, इटली असं जे लिहिलेलं असतं त्यावरून तो माणूस कोणत्या आघाडीवर होता तेही कळतं. एक कळकळीची विनंती: पदक चिंचेने, राखेने किंवा ब्रासोने घासू नका. दर दसऱ्याला घासून घासून कडेवरची अक्षरं गेलेली पदकं पाहिली की जीव तुटतो. मोबाइलच्या उजेडात तिरपं धरून फोटो काढा, अक्षरं उठून दिसतात.

तिसरं, काशाची जाड, गोल थाळी. साधारण १२ सेंटिमीटर रुंद, त्यावर सिंह आणि त्रिशूळ घेतलेली स्त्री, आणि एका चौकटीत नाव. पहिल्या महायुद्धात मेलेल्या माणसाच्या वारसांना ही दिली गेली. काही घरांत ती देवघरात आहे आणि ती काय आहे हे कोणालाच माहीत नाही. तिच्यावर फक्त नाव असतं, क्रमांक किंवा हुद्दा नसतो. पण ती घरात असेल तर त्या घरातला माणूस त्या युद्धात गेला आणि तिथेच राहिला, एवढं निश्चित.

चौथं, गणवेशातला फोटो. खांद्यावरची पितळी अक्षरं किंवा आकडा, टोपीवरचा बिल्ला. शिंगासारखा वळलेला बिगुल असेल तर लाइट इन्फन्ट्री, म्हणजे आपल्याकडे बहुधा मराठा. एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या मशीनगन आणि कोरेगावचा स्तंभ असेल तर महार रेजिमेंट. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असतो तोही उतरवून घ्या. बेळगाव, खडकी, कामठी, अहमदनगर अशी छावणीची जागा त्यातून कळते.

पेन्शनचं पुस्तक, जुन्या मनिऑर्डरच्या पावत्या, जखमी झाल्याची तार, यातलं काहीही फेकू नका. पेन्शनरच्या पीपीओवरचा (पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचा) क्रमांक आजही उपयोगी पडतो.

कागद काहीच नाही. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींचा उपयोग होतो का?

पुष्कळ होतो, फक्त प्रश्न नीट विचारावे लागतात. ‘आजोबा कोणत्या रेजिमेंटला होते?’ असं विचारलं तर उत्तर येत नाही. ‘पलटणीला काय म्हणायचे?’ असं विचारा. ‘जंगी पलटण’ म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण, पूर्वीची १०३वी. ‘काळी पाचवी’ म्हणजे दुसरी, पूर्वीची १०५वी. हे शब्द आजीच्या तोंडात ऐंशी वर्षांनीही जसेच्या तसे असतात.

जागांची नावंही विचारा. ‘बसरा’, ‘बगदाद’, ‘कूत’ म्हणजे बहुधा पहिलं महायुद्ध, मेसोपोटेमिया (आजचा इराक). १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी कूत-अल-अमाराच्या वेढ्यात होत्या. २९ एप्रिल १९१६ला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली आणि हजारो हिंदी शिपाई तुर्कांच्या कैदेत गेले. पण ‘इराक’ एवढ्याच शब्दावर निकाल लावू नका, कारण एप्रिल १९४१मध्येही हिंदी फौज बसऱ्याला उतरली होती. ‘तोब्रुक’ म्हणजे उत्तर आफ्रिका, १९४१-४२. ‘इटली’ म्हणजे १९४३-४५. नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव या दोन्ही मराठा शिपायांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले ते इटलीतच. ‘जावा’ असं कोणी म्हणालं तर चूक समजू नका. १९४५च्या अखेरीस सुराबायाच्या लढाईत मराठा पलटणी होत्या. ‘जपान’ही खरं असू शकतं. युद्धानंतर ताबा घेणाऱ्या फौजेबरोबर मराठ्यांची पहिली पलटण जपानला गेली होती.

आणखी एक युक्ती. भावंडांच्या जन्मसालांची यादी करा. मोठी आत्या आणि काका यांच्यात सहा-सात वर्षांचं अंतर असेल तर त्या वर्षांत आजोबा घरी नव्हते, एवढं तरी हाती लागतं.

गावात काही नोंद असते का?

असते. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या: या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. चावडी, शाळा, देवळाची ओवरी, वेस, कुठेही असतील. साताऱ्याजवळच्या अपशिंगे (मिलिटरी) गावाचा स्तंभ सर्वांना ठाऊक आहे, पण रंगाच्या थराखाली लपलेल्या अशा पाट्या इतर गावांतही आहेत. पाटीवर नावं नसतात, आकडे असतात. तरीही त्या गावात भरती झाली होती याचा तो पुरावा आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मतारीख आणि नावाचं त्या वेळचं रूप मिळतं. माजी सैनिकाला जमीन मिळाली असेल तर जुन्या फेरफारात तसा उल्लेख सापडू शकतो.

रेजिमेंट कळली. आता अर्ज कुठे करायचा?

शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार यांच्या नोंदी त्या त्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसकडे असतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला. महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. ही रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावात उभी राहिली, पण तिचं केंद्र आता सागरला आहे. बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, रणगाडा दलाचं अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर), सिग्नल्सचं जबलपूरला, आर्मी सर्व्हिस कोअरचं बंगळूरला, मेडिकल कोअरचं लखनौला. हवाई दलाचं रेकॉर्ड ऑफिस दिल्लीत सुब्रतो पार्कला, नौदलातल्या नाविकांचं मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पला.

पहिल्या महायुद्धातल्या १११व्या महार पलटणीबद्दल वेगळं सांगायला हवं. ती १९१७मध्ये उभारली गेली आणि १९२१मध्ये मोडली गेली. तिचा आणि आजच्या महार रेजिमेंटचा दप्तरी धागा सलग नाही. त्यामुळे सागरहून नकार आला तर ‘आमचे पणजोबा सैन्यात नव्हतेच’ असा अर्थ काढू नका. पलटण मोडली गेली म्हणून माणसांची सेवा खोटी ठरत नाही.

अर्जात काय लिहायचं?

‘माझ्या आजोबांचे सर्व्हिस रेकॉर्ड मिळावे’ एवढंच लिहिलं तर उत्तर ठरलेलं आहे: कागदपत्रे उपलब्ध नाहीत. ते खोटं बोलत नाहीत. सैन्याच्या नियमांप्रमाणे पेन्शन न मिळालेल्या शिपायाची वैयक्तिक कागदपत्रं ठरावीक मुदतीनंतर, साधारण २५ वर्षांनी, नष्ट केली जातात. दुसऱ्या महायुद्धात भरती झालेले बहुसंख्य लोक १९४६-४७मध्ये ग्रॅच्युइटी देऊन घरी पाठवले गेले, त्यांना पेन्शन नव्हती. त्यांच्या फायली केव्हाच गेल्या.

पण ‘लाँग रोल’ राहतो. ही भरतीची कायमस्वरूपी नोंदवही. तिच्यात माणसामागे मोजक्याच रकान्यांची नोंद असते: क्रमांक, नाव, वडिलांचं नाव, गाव, भरती, सुटका आणि सुटकेचं कारण. आपल्याला हवं ते बहुतेक एवढंच असतं. म्हणून अर्जात स्पष्ट लिहा: ‘सेवापुस्तिका नष्ट झाली असल्यास लाँग रोलमधील नोंदीचा उतारा द्यावा.’ या एका वाक्याने कितीतरी घरांचे अर्ज मार्गी लागले आहेत.

बाकी तपशील इंग्रजीत किंवा हिंदीत, एका पानात: नाव शक्य त्या सर्व स्पेलिंगांसह, वडिलांचं नाव, गाव-तालुका-जिल्हा, क्रमांक असल्यास क्रमांक, भरतीचं अंदाजे साल, कोणत्या आघाडीवर होते, तुमचं नातं. सोबत मृत्यूचा दाखला, नातं दाखवणारा कागद, तुमचं ओळखपत्र आणि पदकाचा फोटो जोडा. पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. या कामासाठी मध्यस्थाला पैसे देण्याची काहीही गरज नाही.

जिल्हा आणि गाव आजच्या नावाने लिहायचं की तेव्हाच्या?

दोन्ही लिहा. इथे खूप अर्ज अडकतात. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१मध्ये झाला. त्याआधी कणकवली, मालवण रत्नागिरीतच होते, आणि सावंतवाडी तर स्वतंत्र संस्थान. रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा. सांगली म्हणजे आधी साताऱ्याचा भाग आणि काही संस्थानं. लातूर उस्मानाबादेत, जालना औरंगाबादेत, आणि ते सगळंच निजामाच्या राज्यात. फलटण, औंध, भोर, जत, मिरज ही संस्थानं. नोंदवहीत ‘रत्नागिरी’ आहे आणि तुम्ही ‘सिंधुदुर्ग’ शोधताय, तर कसं सापडणार?

मृतांच्या यादीत नाव कसं शोधायचं?

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोध विनामूल्य आहे. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या दोन मुदतींत सेवेत असताना मेलेले लोक त्यात आहेत. गोळीनेच मेलेला असावा असं नाही. तापाने, अपघातानेही चालतं. परत येऊन १९७२मध्ये वारलेल्या आजोबांचं नाव तिथे नसणारच.

नावाने शोधू नका, गावाने शोधा. लेखनिकाने ऐकलं तसं इंग्रजीत लिहिलं. जाधवच्या स्पेलिंगमधला ‘एच’ गेला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या नामदेव जाधवांचं आडनावसुद्धा इंग्रजी नोंदींत ‘एच’शिवाय सापडतं. मराठा हा शब्दच रेजिमेंटच्या नावात ‘महरट्टा’ असा लिहिला जाई. आडनाव गळून नुसतं नाव आणि वडिलांचं नाव राहिलेलं असतं. म्हणून ‘अतिरिक्त माहिती’च्या रकान्यात गावाचं नाव वेगवेगळ्या स्पेलिंगांनी टाका, सैन्य ‘इंडियन’ निवडा आणि रेजिमेंट निवडा. अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, अमक्या गावचा, अशी ओळ पुढे येते. पणजीचं नाव त्या परक्या दप्तरात लिहिलेलं पाहून लोक रडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

हिंदू शिपायांचं दहन झालेलं असल्यामुळे थडगं नसतं, स्मारकाच्या यादीत नाव असतं: फ्रान्ससाठी नव्ह शापेल, मेसोपोटेमियासाठी बसरा, ब्रह्मदेशासाठी रंगून, मलाया-सिंगापूरसाठी सिंगापूर.

लंडनला लिहू का? ब्रिटिशांकडे सगळं असेल ना?

वैयक्तिक सेवापत्रांसाठी लिहू नका. हिंदी शिपायांची सेवापत्रं तिकडे नेली गेली नाहीत. ब्रिटिश लायब्ररीत आहेत ती मुख्यतः अधिकाऱ्यांची. मात्र पलटणींच्या ‘वॉर डायऱ्या’ लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत, आणि त्या अतिशय मोलाच्या आहेत. पलटण त्या दिवशी कुठे होती, पाऊस होता का, किती मेले, किती जखमी, हे रोजच्या रोज लिहिलेलं असतं. शिपायाचं नाव क्वचित येतं. पण आजोबांची पलटण आणि तारखा कळल्या असतील तर त्यांनी ते दिवस कुठे काढले ते त्यातून समजतं. शौर्यपदक मिळालं असल्यास ‘लंडन गॅझेट’मध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात, क्रमांकासह नाव असू शकतं, आणि तेही विनामूल्य शोधता येतं.

माहिती अधिकारात अर्ज करावा का?

साध्या अर्जाला दोन-तीन महिन्यांत उत्तर आलं नाही तर जरूर करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, समाधान झालं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील. चुकीच्या कार्यालयाकडे गेला तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच तो योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. रेजिमेंटबद्दल खात्री नसणाऱ्यांना या कलमाचा मोठा आधार आहे.

आजोबा संस्थानच्या फौजेत होते.

मग त्यांची सुरुवातीची नोंद इंग्रजी सैन्यात नव्हती. कोल्हापूरची राजाराम रायफल्स स्वातंत्र्यानंतर मराठा लाइट इन्फन्ट्रीत विलीन झाली, त्यामुळे १९४७नंतरही नोकरीत असलेल्यांसाठी बेळगावला विचारावं. त्याआधीच सुटलेल्यांसाठी कोल्हापूरचं पुराभिलेखागार. बडोदा, ग्वाल्हेर, इंदूरच्या फौजांतही मराठी माणसं होती; त्यांची दप्तरं त्या त्या राज्याच्या अभिलेखागारांत शोधावी लागतात.

पणजोबा बोटीवर खलाशी होते आणि बोट बुडाली. ते ‘सैनिक’ धरले जातात का?

युद्धात बुडालेल्या व्यापारी जहाजांवरचे खलाशी मृतांच्या यादीत आहेत. कोकणातल्या आणि गोव्यातल्या कुटुंबांनी हे आवर्जून पाहावं. पहिल्या युद्धातल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरच्या सेलर्स होममध्ये आहे. दुसऱ्या युद्धातल्या जवळपास साडेसहा हजार नाविकांची नावं दोन सारख्या ग्रंथांत लिहिली आहेत. एक मुंबईत, दुसरा चितगावला. इथे जहाजाचं नाव हाच तुमचा ‘रेजिमेंट नंबर’. गोव्याकडच्यांनी मुंबईत धोबीतलावच्या आपल्या गावच्या कुडातही (गावकऱ्यांच्या क्लबातही) विचारावं.

कैदेत किंवा आझाद हिंद सेनेत गेले असतील तर?

१५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापूर पडलं तेव्हा हजारो हिंदी शिपाई जपान्यांच्या हाती लागले आणि त्यातले पुष्कळ आझाद हिंद सेनेत गेले. त्या सेनेविषयीच्या फायली दिल्लीत जनपथवरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि ‘अभिलेख पटल’ या त्यांच्या संकेतस्थळावर शोधता येतात. पहिल्या युद्धातल्या कैद्यांची कार्डं जिनिव्हाच्या रेड क्रॉसने ऑनलाइन ठेवली आहेत. कूतला पकडलेल्यांसाठी तिथे बघा.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन उपयोग होतो का?

होतो. दुसऱ्या महायुद्धातले माजी सैनिक आणि त्यांच्या विधवांना राज्य शासन दरमहा अनुदान देतं. आजी ते घेत असेल तर तिच्या अर्जात क्रमांक आणि रेजिमेंट आहेच. गावाकडच्या आजीचं बँक पासबुक एकदा उघडून पाहा.

पंजाबच्या नोंदवह्या ऑनलाइन आल्या असं वाचलं. त्यात आमचं नाव असेल का?

नाही. लाहोर संग्रहालयातल्या त्या वह्या पंजाबातल्या जिल्ह्यांपुरत्याच आहेत.

पणजोबा युद्धात मेले हे नक्की, थाळीही घरात आहे, पण नाव कुठल्याच यादीत नाही.

असं होतं, आणि तो तुमचा दोष नाही. मेसोपोटेमियात मेलेल्या हिंदी शिपायांची नावं बसऱ्याच्या स्मारकावर कोरलीच नव्हती. अधिकाऱ्यांची नावं आणि शिपायांचे नुसते आकडे. वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने स्वतः २०२१च्या अहवालात मान्य केलं की ४५ ते ५४ हजार मृतांची, ज्यांत हिंदी लोक मोठ्या संख्येने आहेत, आठवण इतरांच्या बरोबरीने ठेवली गेली नाही.

नाव जोडण्यासाठी कमिशनकडे अर्ज करता येतो. दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: माणूस सेवेत होता, आणि वर दिलेल्या तारखांच्या आत वारला. थाळी एकटी पुरत नाही. लाँग रोलचा उतारा, पेन्शनच्या कागदावरची मृत्यूची तारीख, त्या काळातलं सरकारी पत्र, यांतलं एखादं सोबत लागतं. स्कॅन पाठवा, मूळ कागद घराबाहेर जाऊ देऊ नका. आणि अर्जात नाव मराठीतही लिहा, म्हणजे जे स्पेलिंग नोंदलं जाईल ते तरी बरोबर असेल.